डोक्याचा मार आणि पन्नास हजारांचा स्टॅम्पपेपर

आमच्या वस्तीतला एक तरुण सेंट्रिंगच्या कामावर जात होता. वय तीस, हजेरी रोज सहाशे रुपये. डिसेंबर 2022 मध्ये दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून तो डोक्यावर पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हते, खाली जाळी नव्हती. मुकादमाने त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेले आणि केसपेपर काढताना सांगितले, "घरी जिन्यावरून पडला." ते वाक्य कागदावर चढले. मेंदूतली रक्ताची गाठ काढायला ऑपरेशन झाले, अठरा दिवसांनी माणूस घरी आला. तीन महिन्यांनी ठेकेदाराने स्टॅम्पपेपर आणला. पन्नास हजार रुपये मिळाले, यापुढे काही मागणी नाही, असा मजकूर. तरुणाने अंगठा उठवला. तो सही करणारा माणूस होता, पण तेव्हा त्याला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. साक्षीदार म्हणून खाली ज्याची सही आहे तो आमच्याच चळवळीचा कार्यकर्ता. जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असतो.

हे लिहिताना आम्हाला आनंद होत नाही. पण झाकून ठेवायचे किती दिवस? अन्याय झाला की मोर्चा काढायचा, निवेदन द्यायचे, हे आम्ही शिकलो. आपला माणूस कामावर पडला, वाहनाखाली आला, गावात कुणी डोक्यात काठी घातली, तर भरपाईचा दावा कुठे आणि किती दिवसांत लावायचा, हे मात्र आम्ही शिकलो नाही. तिथे आम्ही वर्गणी काढतो. नाहीतर तडजोडीला बसतो, आणि तडजोडीत मधल्या माणसाचाही वाटा असतो, हे वस्तीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे.

त्या स्टॅम्पपेपरची किंमत काय? कायद्याच्या दृष्टीने शून्य. अपघात घडला तेव्हा 1923 चा भरपाई कायदा लागू होता. त्याच्या सतराव्या कलमाने भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल ठरतो. ज्याला आपण कशावर अंगठा देतो हे कळत नाही, त्याचा करार तर तसाही टिकत नाही. आता रक्कम पाहा. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर मजुरीच्या साठ टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. हिशेबात धरायची मजुरी 2020 पासून महिना 15,000 पर्यंत. तिचे साठ टक्के म्हणजे 9,000. तिसाव्या वर्षाचा आकडा 207.98. गुणाकार होतो 18 लाख 71 हजार 820 रुपये. कमाईची ताकद निम्मीच गेली असे धरले, तरी 9 लाख 35 हजारांच्या वर. शिवाय दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च. शिवाय महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर बारा टक्के व्याज, आणि कारण नसताना उशीर केला तर निम्म्यापर्यंत दंड. ठेकेदार पळाला तर बांधकामाचा मूळ मालक जबाबदार. हे सारे पन्नास हजारांत मिटवले गेले आणि आमच्या माणसाने साक्ष घातली!

21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या प्रकरणाने घेतली आहे. जुने नाव घेऊन कुणी "तो कायदाच आता राहिला नाही" असे सांगेल, त्यावर विश्वास ठेवू नका. कायद्याचे पुस्तक बदलले, हक्क गेला नाही.

डोक्याच्या माराची गोष्ट मात्र वेगळी, आणि आमची माणसे फसतात ती इथे. पाय तुटला तर प्लास्टर दिसते. हात गेला तर रिकामी बाही दिसते. मेंदूला लागलेला मुका मार दिसत नाही. हा तरुण चालतो, जेवतो, ओळखीच्याला जयभीम घालतो. पाहणारा म्हणतो, बरा झाला की! पण तो दुकानात गेला तर काय आणायचे ते विसरतो. टाके चढताना गरगरते, म्हणून परांचीवर कुणी घेत नाही. पूर्वी कधी आवाज न चढवणारा माणूस आता ताट भिरकावतो, मग तासाभराने रडत बसतो. शेजारी म्हणतात, दारू लागली असेल. कुणी म्हणते, बाहेरचे काही आहे, बाबाला दाखवा. बाहेरचे काही नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग दुखावला की राग आवरत नाही, काम ठरवता येत नाही, लक्ष टिकत नाही. हे डॉक्टरकडून तपासून लिहून घ्यायला लागते, कारण कोर्टात अश्रू चालत नाहीत, कागद चालतो.

आणि कागद कसा मिळतो? अपंगत्वाच्या दाखल्यावर हातापायाची ताकद मोजून वीस टक्के, तीस टक्के असा आकडा येतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, पण डोक्याला मार लागून आलेले अपंगत्व असा वेगळा प्रकार त्यात नाही. म्हणून माणूस या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरतो. भरपाईच्या दाव्यात मात्र प्रश्न वेगळा असतो. शरीर किती टक्के गेले हा नव्हे, कमाई किती गेली हा. सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली एका सुताराच्या दाव्यात हेच मान्य केले. त्याचा डावा हात गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा त्याचे अपंगत्व पूर्ण धरले. तोच न्याय सेंट्रिंगवाल्याला लावा. ज्याला गरगरते त्याला दुसरा मजला बंद, आणि दुसरा मजला बंद तर मजुरी बंद.

रस्त्यावरच्या अपघाताचे एक उदाहरण द्यायलाच हवे. हरियाणातली बारा वर्षांची मुलगी 2007 साली आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जात असताना ट्रकने धडक दिली. मेंदूला असा मार बसला की समज तान्ह्या मुलाएवढी राहिली. उच्च न्यायालयाने साधारण 25 लाख 78 हजार दिले. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम 62 लाख 27 हजार केली. कारण तिला जन्मभर सांभाळायला दोन माणसे लागणार, त्यांचा खर्चही त्यांनी धरला. आमच्या घरात सांभाळणारी माणसे म्हणजे आई, बायको, बहीण. तिचे काम कुणी हिशेबात धरत नाही, आम्हीही धरत नाही. या तरुणाची बायको चार घरची धुणीभांडी करत होती. त्याला एकट्याला सोडता येत नाही म्हणून तिने दोन घरे सोडली. ही कमाईही त्याच परांचीवरून पडली.

वाहन अपघाताचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात सहा महिन्यांत लावायची अट 1 एप्रिल 2022 पासून पुन्हा आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर बसू नये. गावात जातीवरून हल्ला झाला आणि डोके फुटले, तर अॅट्रॉसिटीच्या नियमांखाली अर्थसहाय्य मिळते. 2016 च्या दुरुस्तीप्रमाणे पूर्ण अपंगत्वाला सव्वा आठ लाख. त्यातले निम्मे वैद्यकीय अहवालानंतर आणि निम्मे दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर. निकालाची वाट पाहायची नसते. किती गावांत हे सांगायला कुणी गेले?

वकिलाला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या बाराव्या कलमाने अनुसूचित जाती-जमातींच्या प्रत्येकाला, प्रत्येक स्त्रीला, अपंगाला आणि औद्योगिक कामगाराला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. कोर्ट फीसुद्धा तिकडून. दाखल्यावर बौद्ध लिहिले म्हणून आपल्याला लागू नाही, असा समज अजून आहे. 1990 च्या दुरुस्तीनेच तो मिटला. जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, फोन 15100. मिळालेला वकील तारखेला येत नाही, अशी तक्रार आम्हीही ऐकतो आणि ती पुष्कळदा खरी असते. तिथे कार्यकर्त्याचे काम आहे. तारखेला जाऊन बसायचे, वकील बदलून मागायचा. दवाखान्याच्या दारात "तीस टक्के द्या, सगळे बघतो" म्हणणारे भेटतात, त्यांना ओळखून असावे. भरपाईत वाटा ठरवून फी घेणे बार कौन्सिलच्या नियमानेच वकिलाला मना आहे.

बाबासाहेब 1942 ते 1946 मजूर मंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल 1944 साली त्यांच्याच कारकिर्दीत आला आणि 1948 चा राज्य विमा कायदा त्यातून पुढे उभा राहिला. आमच्या जयंतीच्या फलकांवर घटनाकार असतात, मजूर मंत्री क्वचितच दिसतात. दिसले असते तर त्या कार्यकर्त्याने साक्षीची सही केली नसती, असे आम्हाला वाटते. कदाचित केलीही असती.

त्या तरुणाच्या बायकोने नोव्हेंबर 2024 मध्ये, दोन वर्षांची मुदत संपायला महिना असताना, त्याच्या वतीने दावा लावला. वकील विधी सेवेचा. ठेकेदाराने तो केसपेपर पुढे केला आहे, "घरी जिन्यावरून पडला". त्यांचे घर पत्र्याचे, एका खोलीचे, जमिनीलगत. जिना नाहीच. घराचा फोटो आणि घरपट्टीची पावती तिने कोर्टात दिली आहे. सोबतीचे दोन मजूर साक्ष द्यायला तयार आहेत. पण त्या दिवशीची हजेरी बुडणार म्हणून ते बिचकतात. त्यांच्या दोन दिवसांच्या मजुरीचे बाराशे वस्तीने गोळा केले आहेत. स्टॅम्पपेपरवर सही करणाऱ्या कार्यकर्त्याकडेही गेलो होतो. मजकूर वाचून दाखवला नव्हता आणि त्या तरुणाला काही समजत नव्हते, एवढे त्याने शपथेवर सांगावे, अशी विनंती केली. त्याने विचार करून सांगतो म्हटले आहे.