पाणी कुणाचं? पुन्हा पहिल्यापासून विचारू या

आपल्या शहरात पाण्याबद्दल एकच प्रश्न विचारला जातो: नळ कधी सुटणार? बैठकीत गेलं की तोच जरा भारी होतो, योजना कधी पूर्ण होणार? डिसेंबर 2020 मध्ये 1680 कोटींच्या योजनेचं भूमिपूजन झालं, पुढे आकडा 2740 कोटींवर गेला. प्रश्न तोच राहिला. उत्तरं देणारे सगळे अनुभवी.

अनुभवाला मी कमी लेखत नाही. मध्यरात्री पंप बंद पडला तर नवशिक्याला बोलावून चालत नाही. पण कुठले प्रश्न विचारायचे नसतात, हेही अनुभवी माणसाला पाठ झालेलं असतं. घोळ तिथं होतो.

विलासराव साळुंखे पुण्याचे इंजिनिअर, मोजमापाची उपकरणं बनवणारे कारखानदार. पाटबंधारे खात्याशी संबंध नाही. 1972 च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात गेले आणि तिथलेच झाले. नायगावला देवस्थानची 16 हेक्टर माळजमीन घेतली, पडणारा पाऊस तिथंच अडवला. इथपर्यंत कुणीही गेलं असतं. खरी गंमत वाटपात आहे. पाणी जमिनीमागे द्यायचं, ही रीत इतकी जुनी की तिच्यावर शंका घ्यावी असं जाणत्यांना सुचतच नव्हतं. साळुंख्यांनी पाणी माणसामागे मोजलं. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ज्याला जमीनच नाही त्यालाही वाटा. खर्चातला 20 टक्के भाग लाभधारकांचा. आणि ऊस लावायचा नाही, म्हणजे नाही! हीच ती पाणी पंचायत.

हा नवखेपणा दोन तास गावात जाऊन फोटो टाकण्याचा नव्हता बरं का. 2002 मध्ये जाईपर्यंत ते या कामात होते. पोरासारखा प्रश्न विचारायचा आणि म्हाताऱ्याच्या चिकाटीनं त्यामागे लागायचं, असं ते जमलं.

आपल्याकडंही असा वारसा आहे. मलिक अंबरानं 1610 मध्ये खडकी वसवली आणि डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, नुसत्या उतारानं शहरात आणलं. आज आपण सखल पैठणहून वीज जाळून पाणी वर चढवतो. लोकसंख्या पाहता जायकवाडीशिवाय भागणार नाही, हे मलाही कळतं. पण सगळी चर्चा पाइपच्या व्यासावर येऊन थांबते, याचं नवल वाटतं.

शहरात आलेलं पाणी भागिले माणसं, असा हिशेब आपण वॉर्डनिहाय कधी पाहिलाय? कुठल्या वस्तीत माणशी किती लिटर पोचतं? ज्यांच्याकडं नळच नाही, ते टँकरवाले लोक या भागाकारात धरलेत का? बंगल्याच्या हौदाला आणि पत्र्याच्या खोलीतल्या दोन ड्रमांना वर्षाची पाणीपट्टी सारखीच का?

पुढच्या वेळी नगरसेवक दारात आले की 'नळ कधी सुटणार' एवढं विचारून सोडू नका. माणशी लिटरचा आकडा मागा. अन् तो वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर कधी लिहिणार, त्याची तारीखही.