डिस्क की स्ट्रीमिंग? ॲनिमेचा खरा हिशेब

इंदूर : ॲनिमे बघण्यासाठी महिन्याची वर्गणी भरायची, की आवडती मालिका डिस्कवर विकत घ्यायची? नुसते पैसे मोजले तर उत्तर सोपं आहे. क्रंचीरोलने २०२२ मध्ये भारतातले दर उतरवले आणि साधा प्लॅन महिना ७९ रुपयांवर आणला. त्या दराने वर्षाचे ९४८ रुपये होतात.

डिस्कचं गणित वेगळं. ॲनिमेच्या ब्लू-रे मुख्यतः जपान-अमेरिकेत निघतात. तिकडून मागवली की टपालखर्च आला, सीमाशुल्क आलं. वर विभागाची भानगड आहेच. जपान आणि अमेरिका ‘ए’ विभागात, भारत ‘सी’ विभागात. फक्त ‘ए’साठी काढलेली डिस्क इथल्या प्लेअरवर चालत नाही. एकेकाळी मोझर बेअर ३४ रुपयांत सिनेमाची डीव्हीडी विकायची. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली.

मग डिस्क घ्यायचीच कशाला? कारण स्ट्रीमिंगमध्ये प्रेक्षक भाडेकरूच असतो. अमेरिकेत फ्युनिमेशनच्या अनेक डिस्कसोबत डिजिटल प्रतीचा कोड मिळायचा. ती सेवा क्रंचीरोलमध्ये विलीन झाली, २ एप्रिल २०२४ रोजी ॲप बंद पडलं आणि ग्राहकांच्या डिजिटल प्रतीही गेल्या. कपाटातल्या डिस्क मात्र राहिल्या.

इंदूर असो, बऱ्हाणपूर असो की बेळगाव, हिशेब हाच. रोजच्या बघण्याला वर्गणी पुरते. पुन्हा पुन्हा बघावीशी वाटेल अशी एखादीच मालिका डिस्कवर घ्यावी, तीही पाकिटावरचा विभाग तपासूनच.