तारा डोक्यावरून गेल्या, बिल मात्र घरात आले

१९१५ साली टाटांच्या खोपोली केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज सुरू झाली. घाटावर धरणे बांधायची, पाणी नळांतून खाली खालापूर तालुक्यात उतरवायचे आणि वीज मुंबईला पाठवायची, असा हा कारभार. पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरी केंद्रही त्याच वाटेने गेले. तारा आमच्या वाड्यावस्त्यांच्या डोक्यावरून गेल्या आणि खाली पिढ्यान् पिढ्या रॉकेलची चिमणी मिणमिणत राहिली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांनी वीज धोरणाची मांडणी केली. वीज हमखास मिळाली पाहिजे, स्वस्त मिळाली पाहिजे आणि मुबलक मिळाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आज मीटर आला, पण बिल आले की आपले लोक ते न वाचताच भरतात, नाहीतर घाबरून माझ्याकडे घेऊन येतात. मी आधी कायदा सांगत नाही, वही काढायला लावतो.

हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट. ९ वॅटचे तीन एलईडी रोज पाच तास लावले तर महिन्याला चार युनिट. ७५ वॅटचे दोन पंखे दहा तास चालले तर ४५. टीव्हीचे नऊ-दहा, लहान फ्रिजचे सुमारे तीस. एकूण नव्वदच्या आत. याच घरात ६० वॅटचे तीन जुने बल्ब असतील तर चारच्या जागी २७ युनिट जातात आणि शंभराची पायरी ओलांडली जाते. त्यापुढचे प्रत्येक युनिट महाग दराने लागते. बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅटमध्ये चालतो. तो महाग पडतो, म्हणून रात्रभर फिरणारा पंखा तेवढा आधी बदलावा. आठवडाभर रोज एकाच वेळी मीटरचा आकडा लिहा. फरकाला सातने भागा, तीसने गुणा. घरातली सर्व बटणे बंद असतानाही मीटर पळत असेल तर वायरिंग तपासून घ्या.

वहीत ९० आणि बिलात २०० युनिट असतील तर भांडण बिलाशी आहे. रीडिंग न घेता सरासरी लावली आहे का, ते पाहा. दोन महिन्यांचे युनिट एकदम आले असतील तर स्लॅबचा लाभही दोन महिन्यांचा मागा. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीपोटी वीज तोडता येत नाही. मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरली की वाद मिटेपर्यंत पुरवठा चालू राहतो. ही तरतूद माहीत नसल्यामुळे किती घरांनी व्याजाने पैसे काढले असतील! तक्रार लेखी द्या, पोच घ्या. पुढे ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल. तिथे वकील लागत नाही, हे मी वकील असूनच सांगतो.

राहिला प्रश्न खालापूर पट्ट्यात कारखान्यांच्या आसपास भाड्याने राहणाऱ्यांचा. खोलीमालक सबमीटर लावून मनाला येईल तो दर घेतो. त्याच्याकडून मूळ बिलाची प्रत मागा. कलम ४३ मध्ये वीज मागण्याचा हक्क मालकाबरोबर भोगवटादारालाही आहे. जागेत राहत असल्याचा पुरावा जोडून स्वतंत्र मीटरचा अर्ज करा. अर्ज तोंडी नाकारला तर नकार लेखी मागा.