दोन सरकारं, सातबारा एकही नाही

चंद्रपूरहून राजुरा, गडचांदूर करत निघालं की सिमेंट कारखान्यांची धूळ मागे पडते आणि रस्ता माणिकगडच्या डोंगरांत चढू लागतो. जिवतीच्या पुढे परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर अशी १४ गावं लागतात. महाराष्ट्राच्या कागदांत ती जिवती तालुक्यात, तेलंगणाच्या कागदांत केरामेरी मंडलात. म्हणून ग्रामपंचायती दोन, शाळा दोन, रेशनकार्डं दोन. नावंसुद्धा दोन्ही मतदारयाद्यांत. २०२४ च्या लोकसभेला चंद्रपूरचं मतदान १९ एप्रिलला झालं, आदिलाबादचं १३ मेला.

महाराजगुड्यातल्या एका घराच्या चार खोल्या इकडे, चार तिकडे असल्याची बातमी डिसेंबर २०२२ मध्ये देशभर फिरली. तेव्हापासून बाहेरून येणारा पाहुणा तेच घर विचारत येतो, फोटो काढतो आणि ‘मजा आहे बुवा तुमची’ म्हणत परततो. निराधाराला तेलंगणा महिन्याला २०१६ रुपये देतो, महाराष्ट्र १५०० रुपये. त्याचा हिशेबही पाहुण्याच्या तोंडावर असतो. हे कौतुक मला पटत नाही. कारण इथल्या माणसाकडे सगळं दोन-दोन असलं, तरी कसत्या वावराचा पट्टा बहुतेकांकडे एकाही सरकारचा नाही. पट्टा नाही म्हणजे बँकेचं पीककर्ज नाही. मग कापूस आणि तूर सावकाराच्या पैशावर.

हा सगळा मुलूख तेव्हा राजुरा तालुक्यात, आणि राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग तो नांदेडला जोडला आणि १९५९ मध्ये चंद्रपूरला. गोंड आणि कोलाम या डोंगरांत त्याच्याही आधीपासून आहेत. त्यांना कुठल्याच फेरवाटणीत कुणी विचारलं नाही. मराठी बोलणारी बरीच कुटुंबं नंतर मराठवाड्यातून, दुष्काळात पोट भरायला इथे चढली आणि माळ-जंगल फोडून वावरं केली.

गाठ तिथेच बसली. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे बिगर आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. दुष्काळात आलेल्याने १९३० चा पुरावा आणायचा कुठून? त्यातही बंजाऱ्याची गंमत बघा. तेलंगणात तो अनुसूचित जमातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत. जमातीला ७५ वर्षांची अट नाही. म्हणजे हद्दीची रेघ जिथे पडेल, त्यावर एकाच तांड्याचा जमिनीवरचा दावा टिकेल किंवा पडेल.

तेलंगणा वेगळा होण्याआधीच्या आंध्रने या गावांबाबतची सर्वोच्च न्यायालयातली याचिका १९९७ मध्ये मागे घेतली, तरी वाद तसाच राहिला. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी ही गावं महाराष्ट्रात घेण्याची प्रक्रिया सुरू असल्याचं सांगितलं. मराठी गावं महाराष्ट्रात यावीत, याबद्दल माझं दुमत नाही. पण विलीनीकरणाच्या कागदावर जमिनीचं कलम नसेल, तर इथल्या शेतकऱ्याचं एक रेशनकार्ड तेवढं कमी होईल. महसूलमंत्र्यांना विनंती एवढीच, की पुढच्या वेळी घोषणेसोबत भूकरमापकही पाठवा.