पडद्यामागचा चोंबडा

निवडणूक जवळ आली की आपल्याकडे गावोगाव एक माणूस कामाला लागतो. पद नाही, पगार नाही. टपरीवर कोण काय बोललं, कोण कोणाच्या घरी जेवून गेलं, कोणत्या ग्रुपवर काय पडलं, सगळ्याचा स्क्रीनशॉट दहा मिनिटांत भाऊंच्या मोबाइलवर. "तुले कायले पंचायत बे?" म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "भाऊंचा इश्वास आहे आपल्यावर."

त्याला पाहिलं की मला 'हॅम्लेट'मधला पोलोनियस आठवतो. हे नाटक आगरकरांनी 'विकारविलसित' नावाने मराठीत आणलं, १८८३ साली. आगरकर शिकायला अकोल्यात होते आणि वाशीम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होतं, म्हणून थोडा हक्क सांगतो. भाषांतराचं काम त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात केलं. कोल्हापूरच्या दिवाणाविरुद्ध छापलं म्हणून टिळक आणि ते १०१ दिवस आत होते. दरबारी माणूस कसा असतो, हे त्यांना शेक्सपिअरने शिकवायची गरज नव्हती!

पोलोनियस राजाचा सल्लागार. पोरगा पॅरिसला गेला तर त्याच्यामागे नोकर लावतो, वर सांगतो, त्याची जराशी बदनामी करून पाहा, लोक काय बोलतात ते कळेल. पोरीला आलेलं प्रेमपत्र राजा-राणीपुढे वाचून दाखवतो. मग तिलाच हॅम्लेटपुढे उभी करून स्वतः राजासोबत लपून ऐकतो. शेवटी राणीच्या महालात पडद्याआड. राणी घाबरून ओरडली, हाही आतून ओरडला. हॅम्लेटने पडद्यातूनच तलवार खुपसली. त्याला वाटलं, आत राजाच आहे.

बरेच लोक या म्हाताऱ्याला हसतात. मला नाही हसू येत. त्याचं कोणाशी वैर नव्हतं. आपल्यावाचून राजाचं पान हलत नाही, एवढंच त्याला वाटायचं. आणि घाव तर राजासाठीच होता. आपल्याकडेही स्क्रीनशॉटवरून भांडण पेटलं तर ठाण्यात नाव याचं जाईल, भाऊंचं नाही.

बातमी कळल्यावर राजा काय म्हणाला? तिथे मी असतो तर माझंही असंच झालं असतं! माणूस गेल्याचं दुःख नंतर. पुढे घाईघाईत, गुपचूप माती दिली. पोरगी वेडी होऊन पाण्यात बुडाली. पोरगा बापाचा जाब विचारायला तलवार घेऊन आला, तर राजाने गोड बोलून त्यालाच हॅम्लेटवर सोडलं. तोही मेला.