काटा आणि दिवा

आमच्या शेजाऱ्यांच्या मोटारीला आठ महिन्यांत दुसरी नवी बॅटरी बसविण्यात आली आणि दोन्ही वेळा तिच्या टोकांना मीटर लावून पाहण्याची तसदी कोणीही घेतली नाही, हे या आठवड्यात कानी आले तेव्हा माझा संताप अनावर झाला. सेल्फ जड फिरतो, एवढ्या तक्रारीवरून बॅटरी मोडीत काढणे याला निदान म्हणत नाहीत.

रात्रभर उभ्या असलेल्या त्या गाडीच्या बॅटरीवर मला १२.२ व्होल्ट मिळाले. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत १२.६ च्या आसपास दाखविते. इंजिन सुरू करून, हेडलाइट आणि ब्लोअर लावून मोजले, तर खुद्द अल्टरनेटरपाशी १४.१, परंतु बॅटरीवर अवघे १३.२. बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा ठोकळा यांच्यामध्ये मीटरच्या दोन्ही तारा टेकविताच हरवलेले ०.९ व्होल्ट तेथेच सापडले, कारण इंजिनाला जोडणारी अर्थिंगची पट्टी बोल्टाखाली गंजून पापुद्र्यासारखी झाली होती. जेथे दोन दशांशाहून अधिक घट असू नये, तेथे ही अवस्था. पट्टी बदलली, जागा घासून लखलखीत केली आणि सेल्फ पूर्ववत फिरू लागला.

परंतु माझे खरे गाऱ्हाणे त्या मोटारीच्या डॅशबोर्डावरील चार्जिंगच्या लाल दिव्याविषयी आहे, कारण इतके सारे घडत असता तो एकदाही लागला नाही. जुन्या बुलेटच्या हेडलाइटच्या वर किंवा जीपच्या डॅशबोर्डावर प्रवाह दाखविणारा जो ॲमीटर असे, त्याचा काटा मध्यावरच्या शून्यापासून कधी धन बाजूस, तर कधी ऋण बाजूस झुके, आणि हेडलाइट लावून मंद गतीने चाललेल्या बुलेटवर तो ऋणाकडे ढळला, म्हणजे शिलकीतून खर्च चालू आहे, हे रोजकीर्दीच्या पानावर दिसावे तसे स्वाराला तत्क्षणी दिसे. लाल दिवा मात्र मुख्यतः अल्टरनेटरकडचा आणि बॅटरीकडचा विद्युतदाब यांतील तफावत पाहतो. अर्थिंगच्या बाजूने होणारी घट दोन्ही पारड्यांत सारखीच उतरत असल्यामुळे त्याच्या दृष्टीस पडत नाही, आणि वायपर, हेडलाइट व एसी एकत्र चालून रोज थोडी तूट पडत गेली, तरी त्याला या तुटीचा पत्ता नसतो. अनेक जुन्या रचनांत तर अल्टरनेटरला प्रारंभीचा प्रवाह याच दिव्यातून मिळतो. म्हणून चावी फिरवूनही दिवा लागत नसेल, तर ते शुभलक्षण न मानता बल्ब तपासावा.

अल्टरनेटर पन्नास-साठ ॲम्पिअर आणि त्याहूनही अधिक देऊ लागल्यावर तेवढा प्रवाह डॅशबोर्डातून फिरविणे धोक्याचे होते, हे मला मान्य आहे. परंतु ॲमीटर काढताना त्याच्या जागी साधा व्होल्टमीटर द्यायला हवा होता. काटा गेला आणि त्याबरोबर मिस्त्रींची मोजण्याची सवयही गेली, असे माझे ठाम मत आहे. चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल उपसून चार्जिंग पाहण्याची डायनामोच्या काळातील खोड मात्र टिकली. अल्टरनेटरच्या गाडीत या प्रयोगाने उसळणारा दाब डायोड आणि संगणक दोन्ही जाळू शकतो. आपल्या गाडीवर तो कोणालाही करू देऊ नये.

नव्या बॅटरीचे पैसे मोजण्यापूर्वी बॅटरीच्या टोकांवरील व्होल्टचे तीन आकडे बिलावर लिहून मागावेत: गाडी उभी असताना, सेल्फ मारताना आणि इंजिन चालू असताना. धडधाकट बॅटरी सेल्फ मारतानाही सहसा साडेनवाच्या खाली जात नाही, आणि चालू इंजिनावर १३.८ ते १४.५ मिळत असेल, तर अल्टरनेटरला हात लावण्याचे कारण नाही. इंधन वाचविण्यासाठी संगणकच चार्जिंग कमी करतो अशा अलीकडच्या गाड्यांत तिसरा आकडा हेडलाइट लावून घ्यावा, नाहीतर निरोगी अल्टरनेटरही नाहक बदलला जाईल.