पाचगणीची अर्ध्या दिवसाची सहल



आपल्या वस्तीत 'सहल' हा शब्द काढला की पहिला प्रश्न येतो, "कशाला?" दीक्षाभूमी, चैत्यभूमी, चवदार तळे इथे आपण पोटाला चिमटा घेऊन जातो, त्याला कुणी खर्च म्हणत नाही. पण नुसते डोंगर बघायला, चार घास वेगळे खायला बायकापोरांना घेऊन जाणे म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, असे अजून पुष्कळ जण मानतात. माझे मत वेगळे आहे. जी बाई सहा दिवस दुसऱ्यांच्या घरची भांडी घासते आणि सातव्या दिवशी स्वतःच्या घरची, तिने वर्षातून एक सकाळ हवा खाल्ली तर कुणाचे काय बिघडते?

यंदा फेब्रुवारीत आमच्या वस्तीतल्या महिलांनी भिशीतून पैसे बाजूला काढले आणि पाचगणीला जायचे ठरवले. अट एकच, रजा पडता कामा नये. म्हणून शनिवारी काम आटोपून एस.टी.ने वाई गाठायची, पाहुण्यांकडे मुक्काम करायचा, रविवारी सकाळी घाट चढायचा आणि दुपारच्या गाडीने पुण्याला परत यायचे. हिशेबाचे काम माझ्याकडे आले, कारण कचेरीत मी तेच करतो. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले आहे. आमच्या चौदा जणांत आठ महिला होत्या. प्रवासखर्चाचा आकडा पाहून ज्या दोघी "पुढच्या वर्षी बघू" म्हणत होत्या, त्याही पिशवी भरून तयार झाल्या.

वाईहून पाचगणीला पसरणीचा घाट चढून जावे लागते. अंतर बारा-तेरा किलोमीटरचे, पण वळणे अशी की उपाशीपोटी आणि भरल्या पोटी, दोन्ही वाईट. लिंबू आणि कागदी पिशव्या बरोबर ठेवाव्यात. वर आले की समुद्रसपाटीपासून सव्वाचार हजार फुटांवर आपण उभे असतो. खाली कृष्णेचे खोरे, वर जांभ्या दगडाची सपाट पठारे आणि रस्त्याच्या कडेला उंच सिल्व्हर ओक. चेसन नावाच्या इंग्रजाने १८६०च्या दशकात इथे वस्ती उभी केली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि ताईघाट ही गावे इथे नांदत होती. पर्यटकांना टेबल लँड ठाऊक असते, ही नावे ठाऊक नसतात.

पाचगणीत गाडीवाला हाच गाईड. स्टँडवर दराचा फलक असेल तर आधी तो नीट वाचावा, किती तास, कोणकोणती ठिकाणे, थांबण्याचे पैसे वेगळे का, हे बोलून घ्यावे आणि मगच गाडीत बसावे. आम्ही दोन जीप ठरवल्या. पुढच्या जीपचा चालक पन्नाशीचा, बोलका. त्याने ठरलेल्या पॉइंटांची यादी घडाघडा म्हणून दाखवली. आमच्यातल्या एक ताई म्हणाल्या, "दादा, पॉइंट नको. गावं दाखवा. भिलार दाखवा." तो हसला. "ताई, गावात काय बघणार? तुमच्या गावासारखंच गाव." पण तयार झाला. ठरले असे की शेत, भिलार, मधाचे गाव आणि शेवटी महाबळेश्वरच्या स्टँडवर सोडणे. आठला निघून एकपर्यंत सगळे.

पहिला थांबा स्ट्रॉबेरीचे शेत. हे पीक इथले मूळचे नाही, इंग्रजांबरोबर आले. एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वरला तुरुंग होता. त्यात चिनी आणि मलायी कैदी असत आणि भाजीपाल्याच्या मळ्यांतली मेहनत त्यांची होती. साहेबांच्या ताटातला बटाटा त्यांनी पिकवला. आज ही शेती स्थानिक शेतकऱ्यांची आहे आणि २०१०मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पावसाळा सरता सरता गादीवाफ्यांवर रोपे लावतात, वाफ्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरतात, ठिबकने पाणी देतात. डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत फळ चालते. कागद अशासाठी की फळ मातीला टेकून सडू नये आणि तण उगवू नये.

हे सगळे चालकाने सांगितले. जे त्याने सांगितले नाही ते वाफ्यात दिसत होते. दहा-बारा बाया कमरेत वाकून फळ तोडत होत्या. पिकलेले फळ उन्हात मऊ पडते म्हणून तोडणी पहाटेच सुरू होते. फळाला बोट लावायचे नाही, देठ नखाने खुडायचा, हलक्या हाताने डब्यात ठेवायचे. आमच्यातल्या एक मावशी लहानपणी उसाला खुरपणीला जायच्या. त्या सरळ बांधावर जाऊन एका बाईशी बोलायला लागल्या. किती वाजता येता, पोरं कुणाकडे ठेवता, हजेरी किती, गडीमाणसाला किती? शेवटच्या प्रश्नावर ती बाई हसली आणि म्हणाली, "गड्याला जास्तच की. तुमच्याकडं काय सारखी हाय व्हय?" मावशीही हसल्या. तेवढ्यात एका मोटारीतून उतरलेली मंडळी न विचारता त्या बायांचे फोटो काढू लागली. आमच्या मुलांनीही मोबाईल बाहेर काढला होता. मावशींनी एकदा वळून पाहिले आणि मोबाईल खिशात गेले.

फळ तिथेच घेतले. ताजी स्ट्रॉबेरी घेताना डब्याच्या वरच्या थरावर जाऊ नये, खालचा थर बघावा. देठ हिरवे आणि ताठ असेल तर फळ त्याच दिवशीचे. पुण्यापर्यंत न्यायचे असेल तर थोडे कच्चे घ्यावे आणि डबा मांडीवर ठेवावा, पिशवीच्या तळाशी नाही.

मग भिलार. पाचगणीहून आठेक किलोमीटर, मुख्य रस्ता सोडून थोडे आत. ४ मे २०१७ रोजी या गावाचे 'पुस्तकांचे गाव' झाले. वेल्समध्ये हे-ऑन-वाय नावाचे पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे, त्यावरून ही कल्पना सुचली. आपल्या राज्याच्या मराठी भाषा विभागाने ती उचलली. पण भिलारला पुस्तकांचे दुकान नाही. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी मिळून पंधराएक हजार पुस्तके ठेवली. ही ठिकाणे म्हणजे बहुतेक लोकांची राहती घरे. कुणाच्या ओसरीवर कादंबऱ्या, कुणाच्या पुढच्या खोलीत इतिहास, कुठे कविता, कुठे चरित्रे-आत्मचरित्रे, कुठे मुलांची पुस्तके. बाहेर रंगवलेली पाटी असते. आत जायचे, पुस्तक काढायचे, बसून वाचायचे, परत जागेवर ठेवायचे. पैसे नाहीत.

आता कागदावर हे सोपे वाटते. पण कुठल्याही गावात अनोळखी घराचा उंबरा ओलांडणे ही गोष्ट आपल्या वडीलधाऱ्यांसाठी कधी सोपी नव्हती. याच सातारा जिल्ह्यात १९०१च्या सुमारास बाबासाहेब लहान असताना भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन आणि बैलगाडी स्वतः हाकून मुले निघाली. बरोबर खायला होते, पण रात्रभर कुणी पाणी दिले नाही, म्हणून ते खाताही आले नाही. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. भिलारच्या पाटीखाली उभे राहिल्यावर तो आठवला नाही असे आमच्यात कुणी नसेल.

मुले धावत आत गेली. सत्तरी ओलांडलेल्या आमच्या आजी मात्र पायरीवरच थांबल्या. चप्पल काढून हातात धरली होती. घरातली सून बाहेर आली. "आजी, चप्पल तिथंच राहू द्या. या की आत." आजी आत गेल्या, पण खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. मग घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी तो प्रश्न विचारला जो आपण सगळे ओळखतो. "कुठल्या गावच्या म्हणायच्या तुम्ही?"

त्यात वाईट काही नसेलही. गावाकडे हे सगळेच विचारतात. पण आमच्या सगळ्यांचे बोलणे थांबले. आजींनी गावाचे नाव सांगितले, तालुका सांगितला, आडनाव सांगितले आणि न विचारता पुढे म्हणाल्या, "आम्ही बौद्ध. जयभीमवाले." आवाज चढा नव्हता, खालीही नव्हता. म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "बसा वर, गुडघे दुखतील." आणि सुनेला हाक मारून पाणी आणायला सांगितले. तांब्या आला, फुलपात्रे आली. आजींनी दोन फुलपात्रे पाणी प्यायले. तहान तेवढी असेल असे मला वाटत नाही.

यावरून गाव बदलले, देश बदलला असे मी लिहिणार नाही. सरकारी योजनेची पाटी लागलेले घर आणि त्याच गावातले पाटी नसलेले घर यांत फरक असू शकतो. आपल्या बिऱ्हाडाच्या शोधात आडनाव ऐकून "खोली दिली गेली" असे शहरातच ऐकलेले लोक या सदराचे वाचक आहेत. मी फक्त जे पाहिले ते सांगतो.

त्या घरात आम्ही अर्धा तास थांबायचे ठरवले होते, दीड तास थांबलो. नववीतल्या एका मुलीने आत्मचरित्र काढले आणि पायरीवर बसून वाचू लागली. तिची आई लिहिता-वाचता न येणारी. ती शेजारी बसून पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचा फोटो न्याहाळत होती. "ही बाई कोण गं? आपल्यातली?" मुलीने मान हलवली आणि पहिले पान मोठ्याने वाचायला सुरुवात केली. हळूहळू चार-पाच जणी भोवती बसल्या. चालक दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेला, तिसऱ्यांदा आला आणि तोही पायरीवर टेकला.

उशीर झाला म्हणून त्याने वाटेतले त्याच्या ओळखीचे दुकान वगळायचे कबूल केले, पण मनाविरुद्ध. हे समजून घ्यावे. गाडीवाला ज्या दुकानात नेतो तिथे बहुधा त्याचे कमिशन असते. त्याला दोष देऊन उपयोग नाही, चार महिन्यांच्या हंगामावर त्याचे घर चालते. पण आपण खरेदी करायलाच हवी असे नाही. ठरलेल्या भाड्यावर थोडे जास्त दिले आणि सरळ पुढे निघालो.

जेवण आमचे बरोबरच होते. भाकरी, ठेचा, सुकी बटाट्याची भाजी. ते रस्त्याकडेच्या झाडाखाली खाल्ले. बागा आणि हॉटेलांतून बाहेरचे खाणे आणू देत नाहीत, तेव्हा आधी जेवून मगच तिथे जावे. स्ट्रॉबेरी क्रीमचा ग्लास मोठा असतो, दोघांत एक पुरतो. मक्याची भजी गरम असतील तरच घ्यावी. भाजलेले कणीस, लाल मुळा, गाजर आणि मसाल्याचे चणे या चार गोष्टींत पैसे वसूल. चिक्की, जॅम, सरबत पुण्यातही मिळते.

मांघर हे शेवटचे गाव, महाबळेश्वरच्या पलीकडे आठेक किलोमीटर. मे २०२२मध्ये खादी व ग्रामोद्योग मंडळाने ते देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर केले. बहुतेक घरांत मधपेट्या. पेटीत सातेरी जातीची माशी पाळतात. एका पेटीवाल्याने झाकण उघडून चौकट वर काढून दाखवली. मध काढायला पोळे पिळत नाहीत. चौकट यंत्रात घालून फिरवतात, मध बाहेर पडतो, पोळे पुन्हा पेटीत जाते आणि माशांची मेहनत वाचते. जांभूळ, हिरडा असा ज्या झाडाचा फुलोरा, तशी मधाची चव आणि रंग. थंडीत मध थिजून दाणेदार झाला की लोक "साखर घातली" म्हणून ओरडतात. ते खरे नाही, चांगला मधही थिजतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होतो. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, डॉक्टर हे कळकळीने सांगतात. आपल्या घरांतून ती सवय अजून गेलेली नाही.

सव्वा वाजता महाबळेश्वर स्टँड. पॉइंट एकही झाला नाही. त्याबद्दल दोन मुलांनी तोंड पाडले, बाकीच्यांनी नाही.

ज्यांना २० मार्चला महाडला जायचे आहे त्यांच्यासाठी एक माहिती. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरमार्गे महाड सुमारे साठ किलोमीटर. महाडजवळून वाहणारी सावित्री नदीही इथल्याच डोंगरात उगम पावते. आदल्या दिवशी भिलार करून दुसऱ्या दिवशी चवदार तळ्यावर पोहोचता येते. गट मोठा असेल तर एस.टी.च्या आगारात प्रासंगिक कराराची चौकशी करावी. घाट अवघड आहे. जुलै २०१८मध्ये तिथे बस दरीत कोसळून फार माणसे गेली. तेव्हा पावसाळ्यात हा रस्ता टाळावा आणि मार्चमध्येही उजेड असतानाच उतरावे.